बिनकामाचा उजेड

सुप्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना झेंडू फुलला की मला राग येतो. बाकी सगळ्यांना त्या केशरी-पिवळ्या रंगाने प्रसन्न वाटतं, लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, आणि मी एसटीच्या खिडकीला डोकं टेकून कुणाशी तरी भांडायला सुरुवात करते. समोर कुणी नसतं. ज्यांच्याशी भांडण आहे ते गृहस्थ बहुधा निवृत्त होऊन नातवंडं खेळवत असतील. पण नवरात्र लागलं, पिकअप भरभरून फुलं नगरच्या बाजाराकडे निघाली आणि तो कडवट ओला वास गाडीत शिरला, की माझं भांडण जिथं सोडलं होतं तिथून पुढे चालू होतं. इतक्या वर्षांत चष्मा लागला, केस पांढरे झाले, भांडण जसंच्या तसं आहे. ते मिटवायची मला घाईही नाही.

हे दिवसच विचित्र असतात. पाऊस गेलेला असतो, थंडी आलेली नसते. दुपारी डोळ्यांपुढे काजवे चमकावेत असं ऊन, आणि पहाटे पायाशी ठेवलेली गोधडी आपोआप गळ्यापर्यंत येते. आमच्या पारनेरच्या पठारावर तोवर ज्वारी पेरून झालेली असते. तिला वरून पाणी मिळण्याची आशा कमीच. पाऊस जाता जाता जमिनीत जी ओल ठेवून गेला, तेवढ्यावर ती कणसापर्यंत पोचते. लहानपणी मला वाटायचं, सगळीकडची पिकं अशीच येत असतील. पुढे एकदा नेवाशाकडे मावशीच्या घरी गेले, पाटाच्या पाण्यात डुंबणारा ऊस पाहिला, आणि काही पिकांचे किती लाड होतात ते कळलं. घरी येऊन मी दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते म्हणे.

ज्या वर्षाचं भांडण आहे, त्या वर्षी मी नगरच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होते. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, कंडक्टर मात्र अजून ‘नगर, नगर’ असंच ओरडतो, तर मीही तसंच म्हणते. माझा विषय होता उजेड. अगदी बारीक, नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा नळ्यांच्या पोटातून येणारा उजेड.

सांगायला तो विषय अवघड नाही, लोक उगाच दचकतात. प्रथिनं म्हणजे लांबलचक साखळ्या, आणि त्यांचा छोटासा तुकडा म्हणजे पेप्टाइड. माझं पेप्टाइड दोनच कड्यांचं होतं, दिसायला पिठीसाखरेसारखं. ती पूड एका तिखट वासाच्या द्रावकात विरघळवायची, त्यातला थेंबभर पाण्यात सोडायचा, आणि मग हात लावायचा नाही. पाण्यात ते तुकडे एकमेकांना शोधतात, शेजारी शेजारी बसतात, रांगा धरतात, आणि रांगांच्या नळ्या होतात. कुणी सांगणारं नसतं, वाढपी नसतात, तरी गावजेवणाला जशी पंगत आपोआप धरली जाते तशी ही धरली जाते. मग त्यात रंग मिसळायचा. हा रंगाचा रेणू मोठा चुळबुळ्या. मोकळ्या पाण्यात असला की त्याला मिळालेली सगळी ऊर्जा तो हातपाय हलवण्यात घालवतो. नळीच्या भिंतीत अडकला, हलायला जागा उरली नाही, की तीच ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते. अंधारात यूव्ही लॅम्पखाली कुपी धरली की आतलं पाणी कोवळं निळसर-हिरवं दिसतं. दाबल्यावर उजळणारी ही वस्तू. यावरून आयुष्यावर काहीतरी बोला, असा आग्रह मला समारंभांत बऱ्याच जणांनी केला आहे, मी बधलेले नाही. माणूस दाबला की उजळत नाही, चिडतो. माझंच उदाहरण घ्या.

विषय मिळाला तेव्हा मी घरी जाऊन आईला हे सगळं सांगितलं. ती ओट्यावर बसून ज्वारीचं बियाणं निवडत होती. माझं सांगून होईपर्यंत तिची बोटं थांबली नाहीत. मग म्हणाली, “त्यो उजेड किती पडतो? त्यात सुई ओवता येती का?”

“नाही गं. सुई दिसणारसुद्धा नाही.”

“मंग?”

“मंग काही नाही. तो कसा पडतो ते शोधायचंय.”

तिने सुपातले खडे पलीकडे भिरकावले. “शोध,” ती म्हणाली. “आपल्या घरात आजवर कोनी बिनकामाचं काई केलंच न्हाई.”

हा टोमणा होता की आशीर्वाद, ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, तिला माझा हेवा वाटला असावा.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांब खोली. तिच्या एका कोपऱ्याला काळा पडदा लावून आम्ही अंधार केला होता, आणि तो कोपरा माझा होता. माझे मार्गदर्शक शेळके सर. मनाने चांगले, पण वर्षानुवर्षं वरच्यांपुढे मान हलवून मान आखडलेली. साफसफाई आणि सामानसुमान बघायला रंगनाथमामा. आणि आमच्या या प्रयोगशाळेत खंडेनवमी व्हायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी औतं आणि विळे पुजतो, गॅरेजवाला पाना-पक्कड पुजतो, तशी आम्ही यंत्रं पुजायचो. कुणी काढलेली प्रथा ठाऊक नाही, मोडायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

त्या खंडेनवमीला मामांनी सकाळीच सगळं पुसून झेंडूच्या माळा घातल्या. पूजा ज्याची त्याने आपापल्या हत्याराची करायची. मी यूव्ही लॅम्पला हळदकुंकू वाहिलं, तराजूला वाहिलं, आणि ज्या पिपेटने मी थेंब थेंब मोजायचे त्यालाही अंगठा टेकतो तिथं हळदीचं ठसठशीत बोट ओढलं. हळद आईने दिलेली, पिवळीजर्द. “वैशूताई, आज हत्याराला इसावा,” मामा म्हणाले. “उद्या सोनं वाटलं का मंग चालू करा.”

दुसऱ्या दिवशी सरांना आणि मामांना आपट्याची पानं दिली, पाया पडले आणि पिपेट हातात घेतलं. त्यावरचं बोट पुसावं असं माझ्या मनातही आलं नाही. आमच्याकडे कुणाच्याच आलं नसतं. नव्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवरचं स्वस्तिक कुणी फडक्याने पुसतं का? ते आपलं आपण जाईपर्यंत राहू द्यायचं असतं. मी ते राहू दिलं, आणि अंगठा दिवसभर त्याच्यावरच टेकत राहिला. अंगठ्याची हळद हातमोज्याला लागली, हातमोज्याची बाटलीच्या बुचाला. माझ्या त्या तिखट वासाच्या द्रावकात हळद फार आनंदाने विरघळते.

उजेड पडला तो अपेक्षेच्या कितीतरी पलीकडचा होता. निळसर नव्हता, लिंबाच्या सालीसारखा हिरवट-पिवळा होता, आणि पडद्याआडचा कोपरा सगळा त्या रंगाने भरून गेला. सर आत आले, बघून बाहेर गेले, पुन्हा आत आले. “पडदा नीट सोडा, मला परत बघू द्या,” म्हणाले. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली. रांगेत एक बिनरंगाची कुपीही होती, तुलनेसाठी ठेवलेली. ती थोडी उजळल्यासारखी वाटत होती. शेजारच्यांचा उजेड तिच्यावर पडत असेल, असं आम्ही समजलो. आनंदात माणसाला असं काहीही पटतं.

समितीची बैठक त्याच आठवड्यात होती. दर वर्षी संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने बाहेरच्या तज्ज्ञांपुढे आपलं काम दाखवायचं आणि पुढच्या वर्षाची परवानगी घ्यायची. पुण्याहून एक नामांकित तज्ज्ञ आले होते. त्यांचं नाव मी इथं घेणार नाही. भीती वगैरे काही नाही, माझ्या लेखात त्यांना फुकट जागा का द्यावी, एवढंच. त्यांनी पडद्याआड जाऊन कुप्या पाहिल्या आणि नेमकी ती बिनरंगाची उचलून बाकीच्यांपासून लांब धरली.

“यात रंग नाही ना?”

“नाही सर.”

“मग ही का उजळतेय?”

त्यांनी पडदा सारला, ट्यूबलाइट लावली, पिपेट हातात घेऊन त्यावरचं पिवळं बोट नखाने खरवडलं. मग लॅम्पवरचं कुंकू पाहिलं, त्यावरची सुकलेली माळ पाहिली. “ही प्रयोगशाळा आहे की देव्हारा?” ते म्हणाले.

सगळे हसले. शेळके सरही किंचित हसले. मला त्या दिवशी सगळ्यांत जास्त ते लागलं.

हळदीबाबत त्यांचं बरोबर होतं, उजळत होती ती हळदच. हे मी तेव्हाही मान्य केलं, आजही करते. हात घाण होते, प्रयोग बिघडला, संपलं. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. खुर्चीत रेलून अगदी मायेच्या आवाजात म्हणाले, “मुळात असले विषय इथं कशाला घेता? तुमच्या भागात दुष्काळ आहे. कांदा आहे. विहिरींचं पाणी खारं आहे. त्यावर काम करा. तुमच्या भागाला उपयोगी पडेल असं काहीतरी.” आणि सरांकडे वळून त्यांनी ठरवलं ते असं, की दिवाळीनंतर ते पुन्हा येतील. तोवर मी उजेड पेप्टाइडचा आणि रंगाचाच आहे हे दाखवायचं. नाही जमलं तर विषय बदलायचा.

ओरडले असते तर मी रडले असते आणि विसरले असते. ते मायेने बोलले, म्हणून आजही सुप्याजवळ मला राग येतो. कांद्याचा किंवा मातीचा मला राग नाही, माझ्या वर्गातल्या दोघी मातीवरच काम करत होत्या आणि फार चांगलं करत होत्या. पण त्या तज्ज्ञांच्या स्वतःच्या विद्यार्थिनी पुण्यात बसून ताऱ्यांच्या धुळीवर, फुलपाखरांच्या पंखांवर काम करायच्या. त्यांना कुणी म्हटलं नव्हतं, की पुण्यात वाहतूक फार आहे तर त्यावर काम करा. म्हणजे कुतूहल पाटाच्या पाण्यावरच्या लोकांचं, आणि आम्ही आमच्या खडकाकडे बघत बसायचं. माझ्या आजोबांनी आयुष्यभर पाण्याचाच विचार केला. वडिलांनीही पाण्याचाच केला. त्यांच्या घरातल्या एका पोरीने उजेडाचा केला तर कुणाचं काय बिघडलं, हा माझा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

उपयोग हा शब्द मला तेव्हापासून टोचतो. आज मी स्वतः अनुदानाचे अर्ज लिहिते आणि त्यात उपयोग ठासून भरते. अशा नळ्यांत रंग मिसळून आजाराची खूण हुडकता येईल, नव्या प्रकारचे दिवे आणि पडदे करता येतील, जगभर खटपट चालू आहे. हे सगळं खरं आहे. पण लिहिताना मला कायम वाटतं, की आपण जेवायला आलेल्या पाहुण्याला आधी पोटाचा दाखला मागतोय.

त्या संध्याकाळी सरांनी मला बोलावून घेतलं. टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत राहिले. “वैशाली, विषय बदलला म्हणजे आपण हरलो असं काही नसतं,” म्हणाले. “कांद्याच्या सालीतल्या रंगावर काम आहे. लवकर होईल. तुझं वय, घरचे लोक, सगळंच बघायला लागतं.”

“सर, तुम्ही हसलात,” मी म्हटलं.

त्यांनी पेपरवेट खाली ठेवला. मग उठून त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं आणि द्रावकाची एक न उघडलेली छोटी बाटली आणि पेप्टाइडची एक पुडी माझ्यापुढे ठेवली. “ही शेवटची. एकदाच करता येईल इतकी आहे. ही संपली की मला मागवता येणार नाही, आणि मागवायला कारणही राहणार नाही.” त्यांना वाईट वाटलं होतं, पण वाईट वाटलं असं म्हणणं त्यांच्या सवयीत नव्हतं. मला बाटली पुरेशी होती.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस मी घासण्यात घालवले. काचेवरची हळद स्पिरिटने निघाली. पिपेटच्या आणि कुप्यांच्या टोपणांच्या पांढऱ्या प्लास्टिकमध्ये मात्र ती मुरून बसली होती, कशाने म्हणून जाईना. हळदीचा डाग उन्हात उडतो, हे कुठल्याही लग्नघरात ठाऊक असतं. मीही ते रसायनशास्त्राच्या पुस्तकात वाचायच्या आधी दोरीवर वाळत घातलेल्या साड्यांवर पाहिलं होतं. म्हणून कॉलेजच्या गच्चीवर जुनी साडी अंथरली आणि सगळं सामान ओळीने ऑक्टोबरच्या उन्हात मांडलं. रोज उलटायचं, रोज बघायचं. वर कापूस पिंजल्यासारखे पांढरे ढग, गच्चीवर चटका, आणि मी डोक्यावर ओढणी घेऊन टोपणं उलटी करतेय. ज्या उन्हाने आमची तोंडं रापली त्याच्याकडून मी पहिल्यांदाच काहीतरी काम करून घेत होते.

माकडं येतात म्हणून मामा दुपारी खुर्ची टाकून राखण करायचे. एकदा हळूच म्हणाले, “ताई, माझ्यामुळं झालं का वो हे समदं? म्याच पूजा मांडली हुती.”

“बोट मी ओढलं होतं मामा,” मी म्हटलं.

“मंग पुढच्या साली नको मांडायला?”

मी हातातलं टोपण उलटं ठेवलं. तेवढ्यात शेळके सर गच्चीवर आले. त्यांनी ओळीने मांडलेली टोपणं बघितली आणि म्हणाले, “कुरडया घातल्यात का?” बैठकीनंतर आम्ही तिघं एकत्र हसलो ते तेव्हा. त्या हसण्याचा मला राग आला नाही.

दिवाळीला चार दिवस गावी गेले. ज्वारी गुडघ्याला आली होती. आईने त्या वर्षी ज्वारीच्या बांधाला शेवंती लावली होती, एकच ओळ, आणि तिला ती विहिरीवरून डोक्यावर हंडा आणून पाणी घालत होती. विहिरीत पाणी कितपत होतं ते सांगायला नको. दादा, म्हणजे माझे वडील, बांधावर उभे राहून बघत होते.

“एवढ्या पान्यात कोथमीर झाली आसती,” ते म्हणाले.

“झाली आसती,” आई म्हणाली आणि पाणी घालत राहिली.

“मंग ह्या फुलांचं काय करायचंय? इकायचीत का?”

“न्हाई.”

“मंग काय करायचं?”

“बगायचं,” आई म्हणाली. हंडा पालथा घालून तिने शेवटचा घोटभर पाण्याचा वाटा टोकाच्या रोपाला दिला आणि पदराने तोंड पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं, दादा बांधावर उभे होते आणि फुलंच बघत होते.

मला त्या चार दिवसांत समितीची आठवण आली नाही असं नाही. पुरणाची पोळी खाताना आली, उटणं लावताना आली. उटण्यातही हळद असते, आणि ती अंगाला लावून घेताना मला त्या माणसाचं नख आठवलं. मी मुद्दाम दुपटीने उटणं लावलं. पण ‘बगायचं’ हा शब्द मी सोबत घेऊन परतले.

परतल्यावर शेवटच्या बाटलीचं बूच उघडलं. हात इतके धुतले होते की बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या. त्या पुडीचे मी दोन भाग केले. सरांना वाटलं, एक भाग बिघडला तर दुसरा असावा म्हणून. त्यांना मी काही सांगितलं नाही.

तज्ज्ञ आले तेव्हा थंडी पडली होती आणि त्यांनी गळ्याला मफलर गुंडाळला होता. पडदा सोडला. या वेळी अंधार अंधारच राहिला.

“काही दिसत नाही,” ते म्हणाले.

“थांबा सर. डोळे सरावू द्या.”

आम्ही अंधारात उभे राहिलो. शेळके सरांचा श्वास ऐकू येत होता. नुसत्या पेप्टाइडची कुपी काळीच राहिली, नुसत्या रंगाची काळीच राहिली, आणि दोन्ही एकत्र असलेली तेवढी हळूहळू उमटली. निळसर-हिरवी, फिकट, पहिल्या उजेडाच्या पासंगालाही पुरणार नाही अशी.

“इतकाच?” ते म्हणाले.

“इतकाच सर. पण यात दुसऱ्या कशाचाही वाटा नाही.”

ते ‘हं’ म्हणाले. मग मी दुसऱ्या रॅकवरचा कागद काढला. तिथं दोन कुप्या होत्या. एक जेमतेम मिणमिणत होती. दुसरी लिंबाच्या सालीसारखी झळझळली, आणि त्या उजेडात मला त्यांचा मफलर, सरांचा चष्मा, दारातल्या मामांच्या शर्टाची बटणं सगळं दिसलं.

“हे काय?”

“हळद सर. या वेळी बाटलीतली, शुद्ध केलेली, मोजून टाकलेली. पहिल्या कुपीत नुसतं पाणी आहे, तिथं ती विझल्यात जमा आहे. दुसरीत नळ्या आहेत. नळीत अडकली की ती उजळते. आमच्या रंगापेक्षा जास्त.” आवाज कापत होता, तो मी कापू दिला. “तुम्ही विषय बदला म्हणालात. मी विषय तोच ठेवला, रंग एक वाढवला.”

ते वाकून ती कुपी बघत राहिले. फार वेळ बघितली. माणूस म्हणून ते वाईट नव्हते, त्यांना बघता येत होतं, आणि म्हणूनच त्यांच्या त्या मायेच्या बोलण्याचा मला इतका राग आहे. मग ते सरळ झाले आणि सवयीने म्हणाले, “ठीक आहे, पण याचा उपयोग काय?”

“बघायचा,” मी म्हटलं.

पडदा सारला गेला. चालू ठेवायला हरकत नाही, असं ते बाहेर येऊन म्हणाले आणि सही केली. कुणी माफी मागितली नाही, मी वाट पाहत नव्हते. निघताना दारात त्यांचं लक्ष लॅम्पकडे गेलं. त्यावरचं कुंकू मी स्वच्छ पुसून काढलं होतं. “बरं केलंत. आता पुढच्या वर्षी त्या पूजाबिजा बंद करा,” ते म्हणाले.

मी तोंड उघडायच्या आत शेळके सर बोलले. “नाही सर. कुप्या आत कपाटात ठेवू आणि पूजा करूच.” ज्या माणसाची मान मी कायम खाली पाहिली होती, तो माणूस दाराच्या चौकटीला धरून ताठ उभा होता. मला रडू आलं. मी रडले. मामांनी तोंड फिरवलं.

सर आता नाहीत. मामा निवृत्त होऊन राजूरकडे लेकीकडे राहतात, डोंगरातल्या भाताचे फोटो पाठवतात. आई अजून शेवंती लावते. आणि समितीच्या टेबलामागच्या खुर्च्यांपैकी एक आता माझी आहे, ही मला स्वतःलाच न पटणारी गोष्ट आहे.

परवाच बैठक झाली. पाथर्डीकडची एक मुलगी आली होती, कोमल. आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला जातात, ही लहानपणी त्यांच्याबरोबर फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, वाढलेली. तिला आमच्याच प्रयोगशाळेत याच नळ्यांवर काम करायचंय, दोन रंग शेजारी बसवून एकाचा उजेड दुसऱ्याला कसा देता येईल ते बघायचंय. बोलताना अडखळत होती, पण डोळे कुपीवरून हलत नव्हते. माझ्या शेजारचे सदस्य पुढे वाकले आणि अगदी मायेच्या आवाजात म्हणाले, “हे कशाला बाळ? तुमच्याकडे ऊसतोड आहे. उसाच्या पाचटावर काम कर ना. तुमच्या लोकांना उपयोगी पडेल.”

कोमलने मान खाली घातली. ती मान मी ओळखते.

“पाचट ती जन्मापासून बघतेय,” मी म्हटलं. आवाज चढला होता, तो मी चढू दिला. “थंडीत ते अंथरून झोपलीय. आता तिला उजेड बघू द्या.” माझ्यापुढचा कागद ओढला आणि सर्वांच्या आधी सही केली. मग बाकीच्यांनी केल्या. एक सही बऱ्याच वेळाने झाली, पण झाली.

आज खंडेनवमी. सकाळी कुप्या, बाटल्या, पुड्या सगळं आतल्या खोलीत कुलूपबंद केलं आणि मग झेंडूच्या माळा आल्या. कोमल हळदकुंकवाची वाटी घेऊन लॅम्पपाशी उभी होती, हात मध्येच थांबवून. ही गोष्ट तिला कुणीतरी सांगितली असणार.

“मॅडम, लावू का हळद? का नको?”

“लाव,” मी म्हटलं. “भरपूर लाव. झाल्यावर हात धू.”

“आन् पिपेटला?”

“त्याला मी लावते.”

कपाटातून मी माझं ते जुनं पिपेट काढलं. ते कधीच मोडलंय, थेंबही धरत नाही. अंगठा टेकतो त्या जागी मी हळदीचं एक ठसठशीत बोट ओढलं आणि पुसलं नाही.